तीन मोती ऐकणाऱ्याला

गुढीपाडव्याच्या सकाळी इंदूरच्या मराठी घरांतले मोबाइल वाजायला लागतात. आधी गुढ्यांचे फोटो, मग श्रीखंडाच्या वाट्या आणि दुपारच्या झोपेआधी संकल्प. कुणी रोज पाच किलोमीटर चालणार असतं, कुणी साखर सोडतं, कुणी यापुढे मुलांशी घरात फक्त मराठीच बोलणार असतं. खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागते. गणपतीत हेच मांडवात मोठ्या आवाजात होतं. आरती झाली की प्रमुख पाहुणे माइक घेतात, सगळ्यांना उजवा हात पुढे करायला लावतात आणि प्लास्टिकमुक्तीची, व्यसनमुक्तीची नाहीतर मातृभाषेची शपथ म्हणवून घेतात. दोन मिनिटांत शपथ आटोपते. तिसऱ्या मिनिटाला प्रसाद येतो, तोही बरेचदा प्लास्टिकच्या चमच्यासकट.

चारचौघांत बोललं की माणूस बांधला जातो आणि एकाचं पाहून दुसऱ्याला हुरूप येतो, अशी यामागची समजूत आहे. ती सगळीच खोटी नाही. मात्र चारचौघांत आपण नेमकी नको ती गोष्ट बोलतो: हेतू जाहीर करतो आणि हिशेब झाकून ठेवतो. हे उलटं व्हायला हवं. हेतू शक्यतो एकाच माणसाला सांगावा, हिशेब त्याच माणसाला ठरल्या दिवशी द्यावा आणि मांडव, माइक, टाळ्या हे सगळं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावं. इंदूरच्या मराठी मंडळांनी सामूहिक शपथा बंद कराव्यात, असं या लेखाचं सरळ म्हणणं आहे. त्यांच्या जागी काय करावं, ते पुढे येईलच.

घरातली जुनी माणसं म्हणायची, "आधी बोलून दाखवू नकोस, केल्यावर सांग." त्यामागे दृष्ट लागण्याची भीती असेल, पण अनुभवही होता. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं २००९ साली सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'चांगला वकील होण्यासाठी मी अमुक करीन' असं लिहायला लावलं होतं. काहींचं लिखाण दुसऱ्यानं वाचून पोचपावती दिली, काहींचं कुणी पाहिलंच नाही. नंतर प्रत्यक्ष अभ्यासाची वेळ आली, तेव्हा ज्यांचा हेतू दुसऱ्यानं पाहिला होता त्यांनीच कमी काम केलं. कारण उघड आहे. 'मी वकील होणार' ही ओळख लोकांनी मान्य केली की ती निम्मी मिळाल्यासारखीच वाटते. पाडव्याच्या दिवशी 'मी आता धावणारा माणूस' असं लिहून ४० अंगठे मिळाले, तर बूट न घालताच थोडंसं धावून झालेलं असतं.

हा प्रयोग स्वतःच्या ओळखीला चिकटलेल्या संकल्पांवर होता, हे लक्षात ठेवायला हवं. विजेचं बिल दहा तारखेच्या आत भरायचं ठरवलं, तर ते कुणाला सांगितल्यानं बिघडणार नाही. आपले वाया जाणारे संकल्प मात्र बहुतेक ओळखीचेच असतात: वाचणारा, व्यायाम करणारा, निर्व्यसनी, मराठीचा अभिमानी.

मग सांगूच नये का? इथे दुसरं संशोधन आड येतं. शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र तपासले. माणसाला आपल्या प्रगतीची नोंद ठेवायला लावलं तर ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद लेखी असेल किंवा दुसऱ्याला कळवली जात असेल तर आणखी वाढते, असं त्यांना आढळलं. पहिल्या नजरेला हे दोन निष्कर्ष भांडताना दिसतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. पहिला प्रयोग 'करणार' सांगण्याचा आहे आणि दुसरा ढीगभर अभ्यास 'केलं' आणि 'राहिलं' सांगण्याचा. आपल्याकडच्या मोबाइलवर पहिल्याचा सुकाळ असतो आणि दुसऱ्याचा दुष्काळ.

हे सगळं आपल्याला परदेशातून शिकायची तशी गरज नव्हती. श्रावणातल्या रविवारी वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी काढून बघा. गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथं नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, तो वसा मलाही सांगा. त्या लगेच 'वा, छान' म्हणत नाहीत. तुला वसा कशाला हवा, उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील, असं म्हणून त्या आधी त्याला अडवतात. तो कबूल होतो तेव्हाच पुढची कृती सांगतात, आणि ती अगदी मोजून: श्रावणातल्या पहिल्या रविवारी मुकाट्यानं उठायचं, विड्याच्या पानावर रक्तचंदनानं आदित्यराणूबाई काढायची, सहा रेघांचं मंडल, सहा सुतांचा तातू, त्याला सहा गाठी. कधी सुरू, कशावर, किती, आणि रथसप्तमीला संपूर्ण करताना काय करायचं, सगळं ठरलेलं. 'जमेल तसं पूजन करावं' असं कुठेही नाही.

त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. कहाणी सांगायची तर ऐकणारा लागतो. त्या ब्राह्मणाची राजाला दिलेली मुलगी, म्हणजे राणी, वाटेत उपाशी माणूस शोधायला लावते. मोळीविक्या सापडतो. सहा मोती असतात, त्यांतले तीन ती त्याला देते आणि तीन स्वतः घेते. मग ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. ऐकून झाल्यावर तोच म्हणतो, ऐकल्याचं एवढं फळ, तर वसा घेतल्याचं किती असेल. मला तो वसा सांगा. हुरूप एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो असा. श्रोता एकच आहे, त्याच्या हातात निम्मे मोती आहेत, आणि सांगणारी स्वतः वसा वसत असलेली आहे. टाळ्या वाजवणारा घोळका कहाणीत नाही.

इंदूर शहरानं तर हा धडा रस्त्यावर गिरवलेला आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षं पहिलं आलं. बाहेरगावचे पाहुणे त्याचं श्रेय इंदूरकरांच्या संस्काराला देतात आणि आपणही संकोच न करता ते स्वीकारतो. खरं सांगायचं तर कचरा वेगळा करण्याची शपथ देशातल्या पुष्कळ शहरांनी घेतली होती. इथे फरक पाडला तो ठरल्या वेळेला गाणं वाजवत दारात येणाऱ्या गाडीनं. तिला ओला, सुका, प्लास्टिक, घातक, सॅनिटरी आणि ई-कचरा असे सहा कप्पे. बरोबरचा माणूस बादलीत डोकावतो. ओल्यात पिशवी दिसली तर बादली परत देतो, पुन्हा पुन्हा झालं तर दंड. त्याचं डोकावणंही उगाच नाही. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस बनवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून आहे आणि त्याला प्लास्टिक मिसळलेला ओला कचरा चालत नाही. म्हणजे तुमच्या बादलीतल्या चुकीची झळ पुढे कुणाला तरी बसते, म्हणून तो बघतो. रोज, ठरल्या वेळी, ज्याचा स्वतःचा काही संबंध आहे अशा माणसासमोर बादली उघडावी लागली, की संकल्पाला संस्कार लागत नाही. तो असेल तर दुधात साखर.

मराठी माणसाला या शहरात असंच आणखी एक उदाहरण मिळालं होतं. विनोबा १९६० च्या पावसाळ्यात इंदुरात मुक्कामाला होते. घरोघरी सर्वोदय पात्र ठेवण्याची त्यांची कल्पना त्याआधीच देशभर पोचलेली होती. घरातल्या सगळ्यात लहान मुलानं रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. मूठ लहानाची, म्हणून घरावर ओझं नाही. रोज, म्हणून आठवण ठेवावी लागत नाही. भांडं दिसणारं, म्हणून खाडा लपत नाही. आणि धान्य न्यायला कुणीतरी येणार, म्हणून घरातली गोष्ट घरातच विरून जात नाही. यातली शेवटची कडी तुटली की बाकीच्या तीनही लुळ्या पडतात. नेणारा आलाच नाही तर भरलेल्या पात्रात महिनाभर मूठ कोण टाकणार?

आता प्रत्यक्ष कसं करायचं. आपल्या पूजेतला संकल्प नीट ऐकला तर त्यात देश, काल, तिथी, वार, गोत्र, नाव, कशासाठी आणि काय करणार हे सगळं येतं, मगच ताम्हनात पाणी सुटतं. संकल्पाचं वाक्य तसंच भरगच्च लिहावं. गोलविट्झर यांनीच या 'अमुक झालं की तमुक करीन' अशा वाक्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या हेतूपेक्षा अशा जोडलेल्या वाक्यानं बराच जास्त फरक पडलेला दिसला.

आपल्या लोकांचा सगळ्यात लाडका संकल्प घेऊ: 'घरात यापुढे मराठीच.' हा मोडतो तो साधारण तिसऱ्या दिवशी, आणि मोडतो कारण त्याला कडा नाहीत. मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी, गल्ली हिंदी, टीव्ही हिंदी. दिवसभराचं बोलणं एकदम वळवायला गेलं की मूल अर्ध्या वाक्यात अडखळतं, आई दुरुस्त करते, आजी हसते आणि मूल गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला मराठी येत नाही, असा निष्कर्ष काढून घर परत हिंदीवर येतं.

त्याऐवजी वाक्य असं लिहा: 'सुदामानगरच्या घरी, रात्रीची ताटं उचलली की, त्याच टेबलावर, मी मुलीला मराठी पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचून दाखवीन आणि पुढचं पान तिच्याकडून वाचून घेईन, सोमवार ते शुक्रवार, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत.' इथे इंदूरच्या मुलांची एक जमेची बाजू आहे. त्यांना देवनागरी आधीच येते, अक्षरओळख शिकवावी लागत नाही. अडतात त्या मोजक्या जागा. 'ळ' हिंदीच्या पुस्तकात भेटत नाही, म्हणून 'बाळ' चं 'बाल' होतं. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र हिंदीत तसा लिहिलाच जात नाही, तिथे मूल हमखास थांबतं. 'चमचा' आणि 'चहा' यांतले च वेगळे उच्चारायचे हे पुस्तक सांगत नाही, ते ऐकूनच कळतं. म्हणून पहिलं पान मोठ्या माणसानं वाचायचं. 'केलं', 'घरं' यांवरचा अनुस्वार पाहून हिंदी वळणाचं मूल नाकात बोलतं. त्याला ते हसण्यावारी न नेता एकदा सांगावं, की इथे नुसता शेवटचा अ लांबतो.

सुरुवातीला दोन पानांना मिळून पंधरा मिनिटं धरा. एका पानात दोनच चुका दुरुस्त करायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. पहिले दोन आठवडे फक्त 'ळ' आणि अर्धा र. पाहुणे आले, लाइट गेली, परीक्षा आली तर काय, हेही आधीच ठरवा: त्या दिवशी चार ओळी. या चार ओळींना किमान नेम म्हणा. किमान नेम नसलेला संकल्प पहिल्या लग्नसराईत जातो.

सुरुवातीची तारीख आपल्याच पंचांगातली घ्यावी. इंदुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो आणि आपला पंधरा दिवसांनी, त्यामुळे 'श्रावणापासून' असं मोघम ठरवलं की पंधरा दिवस पळवाटेला मिळतात. चातुर्मास हा नेमासाठी फार हिशेबी काळ आहे. अधिक मास मध्ये आला नाही तर आषाढी ते कार्तिकी साधारण ११८ दिवस भरतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर पाहिलं, की रोजची नवी कृती विचार न करता घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. मात्र कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणून २१ दिवसांत सवय लावून देणाऱ्या चिठ्ठ्या खुशाल फाडाव्यात. आषाढीला सुरू केलं तर ६६ वा दिवस पितृपक्षाच्या तोंडाशी येतो. घरात गोडधोड संपलेलं, गणपतीचा शीण उरलेला. नेम सुटायला याहून सोयीचा काळ नाही. तो पार झाला की नवरात्र, दिवाळी आणि कार्तिकी असे टप्पे आपोआप मिळतात.

आता तो ऐकणारा. कोण निवडावा यात सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक नवरा किंवा बायको. एका घरात राहणाऱ्याला हिशेबाची वाट पाहावी लागत नाही, त्याला सगळं दिसतंच. मग रविवारच्या हिशेबाऐवजी रोजचा टोमणा सुरू होतो. 'आज गेली नाहीस का चालायला?' या एका वाक्यानं जितके नेम मोडले असतील तितके सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या तळलेल्या गराडूनंही मोडले नसतील. सुनेनं आपला नेम सासूबाईंना सांगणं किंवा नोकरदारानं वरिष्ठाला सांगणं याचंही तसंच; तिथं खाडा कबूल करण्याची किंमत फार मोठी पडते, मग माणूस खोटं सांगायला शिकतो. दुसरी चूक म्हणजे अगदी बरोबरीचा, आपल्याइतकाच आळशी मित्र. तो पहिल्याच आठवड्यात 'जाऊ दे रे' म्हणतो आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की ज्याच्या मताला आपण वर मानतो अशा माणसाला ध्येय सांगितलं तर निष्ठा टिकते, बाकीच्यांना सांगून विशेष काही होत नाही. म्हणून माणूस असा हवा, ज्याच्याबद्दल आदर आहे पण ज्याच्या हातात आपली पगारवाढ किंवा स्वयंपाकघर नाही. आत्या, जुने शिक्षक, दुसऱ्या कॉलनीतली मैत्रीण. आणि त्याचा स्वतःचाही एक नेम चालू हवा. तीन मोती त्याच्या हातात असले तरच तो चित्तभावे ऐकेल.

हिशेब रविवारी संध्याकाळी, एका ओळीत: '५ पैकी ३. मंगळवारी लग्न, गुरुवारी आळस. पुढच्या आठवड्यात पान जेवणाआधी.' आकडा, अडचण, बदल. स्पष्टीकरण नको, माफी तर नकोच. ऐकणाऱ्याची कामंही ठरलेली असावीत. रात्री नऊपर्यंत ओळ आली नाही तर त्यानं फोन करून विचारायचं. सल्ला द्यायचा नाही. फार तर 'पुढच्या वेळी काय बदलशील?' एवढं विचारायचं. शाबासकी द्यायची ती झालेल्या पानांना, ठरवलेल्या पानांना नाही. मग स्वतःची ओळ द्यायची. दहा मिनिटांत संपतं. हे फोनवर बोलावं की लिहावं? लिहावं. बोलण्यात '५ पैकी ३' चं 'बऱ्यापैकी चाललंय' कधी होतं ते कळत नाही.

खाड्याचे नियम आधी लिहून ठेवले तर पुढचं भांडण वाचतं. एक खाडा माफ आणि त्याची भरपाई नाही. लॅली यांच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. भरपाईत मात्र हमखास घात होतो: आज राहिलं म्हणून उद्या चार पानं, उद्याही राहिली म्हणून परवा सहा, आणि मग पुस्तकच दिसेनासं होतं. लागोपाठ दोन खाडे पडले तर आठवडाभर किमान नेमावर उतरायचं. तीन आठवडे निम्म्याच्या खाली राहिलात तर वेळ बदला. दोष बहुधा वेळेचा असतो, इच्छाशक्तीचा नसतो.

चालण्याच्या संकल्पाला एवढं लांबण लावायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला किमान १५० मिनिटांचं आहे, म्हणजे ३० मिनिटं पाच दिवस. मोडतो तो जूनच्या शेवटी, पावसात. जिना किंवा घराचा व्हरांडा असा पावसाळी पर्याय वाक्यातच लिहिला की झालं.

शेवेचा, म्हणजे इंदुरी सेवेचा, प्रश्न मात्र नाजूक आहे. इंदुरात 'सेव सोडली' म्हणणं हे जवळजवळ गाव सोडल्यासारखं आहे. पोह्यांवर ती न मागता येते आणि वरून जीरावन हा मसाला. मीठ कमी करायचं असेल तर लक्षात ठेवा, की दिवसाची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, आणि जीरावनातही मीठ असतंच. पण 'सोडणं' हा शब्दच कच्चा आहे. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नववर्षाच्या संकल्पांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के स्वतःला यशस्वी म्हणाले, काहीतरी टाळायचं ठरवणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के. तेव्हा 'सेव बंद' ऐवजी 'घरच्या पोह्यांवर डाळिंबाचे दाणे आणि भाजलेले शेंगदाणे, सेवेचा डबा घरात नाही, रविवारी दुकानात मिळेल तशी.' मोजता येतं, आणि इंदूरही सुटत नाही.

त्याच स्वीडिश अभ्यासातली आणखी एक गोष्ट मंडळांनी भिंतीवर लावावी. तिथे तीन गट होते: आधार जवळजवळ नाही, थोडा आधार, भरपूर आधार. सगळ्यात बरं जमलं ते थोड्या आधाराच्या गटाला, म्हणजे ज्यांना आपलं एखादं माणूस सोबतीला धरायला सांगितलं होतं आणि अधूनमधून विचारणा होत होती. भरपूर मार्गदर्शन, जादा सूचना यांनी भर पडली नाही. रोजचा सुविचार पाठवणाऱ्या ग्रुपची यात काय गत होते ते सांगायला नको. शिवाय ४० जणांच्या ग्रुपात कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं बाकीचे ३९ विचारतील.

मराठी घरांत यासाठी तयार यंत्रणा आहे: भिशी. बारा जणी, महिन्याची ठरलेली तारीख, हजार रुपये, बारा हजारांची चिठ्ठी. तारीख चुकत नाही, कारण कुणीतरी आपल्या पाळीची वाट पाहत असतं. चिठ्ठी काढण्याआधी दहा मिनिटं हिशेबाला द्यावीत. बारा जणींच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीनं फक्त आकडे सांगायचे. पहिल्या दोन महिन्यांत महिन्याचं अंतर फार लांब पडतं, म्हणून जोडीचा रविवार चुकवायचा नाही; भिशी ही वरची गाठ. नेम मोडला तर दंड ठेवावा का, असं पुष्कळ जण विचारतात. फिलिपाइन्समध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांना बँकेत स्वतःचे पैसे ठेवायला सांगून, सहा महिन्यांनी तपासणीत निकोटिन सापडलं तर ती सगळी रक्कम दान करण्याची योजना राबवली गेली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. देऊ केलेल्यांपैकी जेमतेम ११ टक्क्यांनी असं खातं उघडलं. पण योजना मिळालेल्या गटात सोडणाऱ्यांचं प्रमाण न मिळालेल्या गटापेक्षा वाढलं. दंड चालतो, पण तो स्वतःहून पत्करलेला हवा. भिशीत बहुमतानं लादलेला दंड पुढच्या महिन्याला भिशीच मोडतो.

व्यसनाच्या बाबतीत सूर बदलायला हवा, कारण तिथे मांडवातली शपथ निरुपयोगी तर असतेच, कधीकधी धोक्याचीही असते. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं शपथेपोटी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. असा माणूस हात पुढे करत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं. सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ अमेरिकेतल्या अॅक्रन गावात १९३५ मध्ये सुरू झाली, आणि तिचं नावच सांगतं की तिथे आडनाव लागत नाही. माणसं बंद खोलीत, त्याच वाटेनं गेलेल्यांसमोर बोलतात. आयुष्यभराची भाषा नसते, आजच्या दिवसाची असते. सांगणं आहे, पण प्रेक्षक नाहीत. स्टेजवर बोलावून 'यांनी आज दारू सोडली' असा सत्कार करणाऱ्या मंडळानं त्या माणसाच्या पुढच्या घसरणीलाही प्रेक्षक जमवून ठेवलेले असतात. तो घसरला तर सांगायला येत नाही, लपायला जातो.

शपथविधीच्या बाजूनं एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हजार माणसांनी एकाच वेळी हात पुढे केला तर निदान विषय तरी घरोघरी पोचतो, वातावरण तयार होतं. पोचतो, हे खरं. पण नॉरक्रॉस आणि व्हँगरेली या अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनियातल्या २०० संकल्पकर्त्यांचा दोन वर्षं पाठलाग केला, तेव्हा पहिल्या आठवड्यात ७७ टक्के टिकून होते आणि दोन वर्षांनी १९ टक्के. वातावरण पहिल्या आठवड्याचं काम करतं, आणि पहिल्या आठवड्याला मदतीची फारशी गरजच नसते. मंडळाची ताकद खर्च करायची तर ती पुढे करावी.

म्हणजे गणपतीत शपथेऐवजी टेबलावर पोस्टकार्डाएवढे कागद ठेवा. एका बाजूला संकल्पाचं भरगच्च वाक्य आणि किमान नेम, दुसऱ्या बाजूला जोडीदाराचं नाव आणि हिशेबाचा वार. वाक्यात 'जास्तीत जास्त', 'नियमित', 'शक्य तितकं' असले शब्द दिसले तर टेबलावरच्या कार्यकर्त्यानं कागद परत द्यायचा, कचरागाडीवाला बादली परत देतो तसा. कहाणीतल्या नागकन्यांसारखं थोडं अडवायचंही: 'जमेल? मग तीनच दिवस लिहा ना.' शंभर कागदांपैकी चाळीस जण कंटाळून न लिहिताच गेले तरी हरकत नाही. हात पुढे करून गेलेल्या हजारांपेक्षा ते साठ बरे. कागद माणसाकडेच राहू द्यावा, मंडळानं फक्त जोड्यांची यादी ठेवावी. फळ्यावर लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. घटस्थापनेला आणि दिवाळीनंतरच्या पाडव्याला प्रत्येक जोडीला एक फोन: चालू आहे का? हो किंवा नाही, एवढंच टिपायचं.

माइक बाहेर काढायचा तो कार्तिकीनंतर, उद्यापनाला. ज्यांचा नेम पार पडला त्यांनी दोन मिनिटं बोलावं, तेही यशाबद्दल कमी आणि कृतीबद्दल जास्त: कोणत्या आठवड्यात मोडत आला होता, वेळ कुठून कुठे हलवली, जोडीदारानं नेमकं काय विचारलं. समोर बसलेल्यांपैकी ज्याला वाटेल त्यानं तिथल्या तिथे नवा कागद मागावा. सांगणाऱ्यानं त्याला तो स्वतःच्या हातानं द्यावा आणि जोडीदाराच्या जागी आपलं नाव लिहून द्यावं. वही ठेवली असेल तर तीही दाखवावी, खाड्यांसकट.